मी गिळलेला 'नाही'

ही गोष्ट माझ्या तोंडातून कधी बाहेर पडलेली नाही. मुलाला सांगितली नाही, सुनेला नाही, माहेरच्या बहिणीला नाही. देवासमोर हात जोडते तेव्हासुद्धा मी हिच्या कडेकडेनं जाते. गुडघे दुखतात ते सांगते, नातीचा ताप सांगते, आणि हिच्यापाशी आलं की डोळे उघडते आणि म्हणते — चला, दूध उतू जाईल.

तुम्ही कोण आहात मला ठाऊक नाही. बरंच आहे ते. ओळखीच्या माणसाला सांगता आलं नसतं.

मी शाळेत गेलेली बाई नाही, हे आधी सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच फिरतं. आमचं गाव फुलंब्रीच्या पलीकडं. शाळा मी पाहिली ती बाहेरून, शेळ्यांच्या मागं जाता-येता. अक्षरं शिकले ती लग्नानंतर, मुलाच्या पाटीवर. तो 'क' गिरवायचा आणि मी पीठ मळता मळता परातीत बोटानं 'क' काढायची. मग काय, जे दिसेल ते वाचायची सवय लागली. खताची गोणी, एसटीची पाटी, वाण्याच्या पुडीचा कागद. शेंगदाणे संपले तरी मी पुडी टाकायची नाही, वाचून झाल्यावर टाकायची. घरच्या बायकांत वाचता येणारी मी एकटी. लग्नपत्रिका आली की माझ्या हातात, औषधाची बाटली आली की माझ्या हातात. सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, "थोरलीला विचारा, थोरलीला वाचता येतं."

त्या वाचता येण्याचं मी काय केलं — ते सांगायला बसले आहे. आणि बघा, अजून इकडचं-तिकडचंच बोलतेय.

आमचं घर शहराच्या हर्सूलच्या अंगाला. तीन खोल्या आणि पुढं पत्र्याची पडवी. सैंपाकघराच्या एका कोपऱ्यात गॅसचा ओटा, दुसऱ्या कोपऱ्यात देव. सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणायचो. त्यांच्या गळ्यात तुळशीची माळ होती, आणि त्या खोलीत चप्पल तर सोडाच, चामड्याचा कमरपट्टा घालून नातू शिरला तरी त्या त्याला बाहेर काढायच्या. ही गोष्ट घडली तोवर माझे मालक गेलेले होते. मुलगा वाळूजला कंपनीत, बायको-पोरीसह तेव्हा तिकडंच राहायचा. दीर टेम्पो चालवायचे, सकाळी गेले की दिवे लागल्यावर घरात. आणि दिराची बायको, माझी धाकटी जाऊ — कौसल्या. कौसा म्हणायचो आम्ही. ती मला अक्का म्हणायची.

तिच्या हाताबद्दल सांगायला पाहिजे. कौसाच्या हाताला चव होती. तसं सगळ्याच घरांत एकीच्या हाताला असते म्हणा — पण ही चव वेगळी. ती येसर भाजायची — धान्य आणि मसाले भाजून दळतात, आमच्याकडं आमटीला लावतात तो — तर वास रस्त्यापर्यंत जायचा. मी तिच्या आधी सहा वर्षं या घरात आले. सहा वर्षं मी भाकरी थापल्या, आणि सहा वर्षं कुणी काही बोललं नाही, चांगलं नाही की वाईट नाही. ती आली आणि पहिल्याच महिन्यात माझे मालक ताटावर बसून म्हणाले, ही आमटी धाकटीची दिसते. दुसऱ्यांदा वाढून घेतली. माझ्याकडं बघितलंही नाही. एवढी बारीक गोष्ट — तीस वर्षं कुणी मनात धरतं का? मी धरली.

हळूहळू सैंपाकघर तिचं झालं. भांडून नाही घेतलं तिनं. ती बिचारी दर वेळी विचारायची, अक्का, आज काय करू. पण विचारणारी ती आणि करणारीही तीच. मी चिरून द्यायची, निवडून द्यायची, पत्रिका वाचून द्यायची.

मग तिचं पाऊल पडलं.

कंबरेत दुखत होतं तिच्या, कित्येक महिने. बायकांचं दुखणं, कोण लक्ष देतं? एक दिवस उठली तर उजवं पाऊल वरच उचलेना. डॉक्टर म्हणाले, मणक्यात शीर चेपली गेली, लई दिवस चेपलेली राहिली, ऑपरेशननं कंबर मोकळी होईल पण पाऊल किती उठेल ते सांगता येत नाही. ऑपरेशन झालं. कंबर दुखायची राहिली. पाऊल नाही उठलं. फूट ड्रॉप म्हणतात त्याला दवाखान्यात.

तुम्ही असं माणूस चालताना बघितलंय का? घोट्यापासून पुढं पाऊल लोंबतं. बोटं जमिनीला घासतात, म्हणून माणूस गुडघा उंच उचलतं, जिना नसताना जिना चढल्यासारखं. आणि पाऊल खाली येतं ते टाच आधी टेकून नाही, सगळं एकदम — फट्. चप्पल पायातून निघून मागं राहिली तरी तिला कळायचं नाही. चार पावलं पुढं जायची आणि मग कुणीतरी हाक मारायचं, अगं, चप्पल. ती हसायची. म्हणायची, "माझ्यापेक्षा चपलीला अक्कल हाय, दमली की थांबती."

दवाखान्यातून पहिल्यांदा पांढऱ्या कडक प्लास्टिकचा साचा दिला होता. पोटरीमागून तळव्याखाली जाणारा. तो बुटातच बसायचा, घामानं कातडी सोलायचा, आणि बूट घालून सैंपाकघरात कोण जाणार? तो पलंगाखाली गेला. सैंपाकघर माझ्याकडं आलं.

एक वर्ष आणि वर थोडे दिवस. त्या वर्षात मी काय सुखात होते, ते सांगताना जीभ अडतेय. घरात एक बाई पाय ओढत होती आणि मी — मी सकाळी उठून गाणं गुणगुणत ओट्यापाशी जायची. कौसा उंबऱ्याबाहेर पाट टाकून बसायची आणि तिथून सांगायची, आता गॅस बारीक करा अक्का, आता धने टाका. मी तिच्या सांगण्यानं येसर भाजला. गावाकडचे पाहुणे आले, एक जण म्हणाला, आमटी झकास झालीय. कुणी केली? मी म्हणाले, मी. बाहेर बसलेली कौसा हसून मान हलवत होती. तिला आनंद झाला होता हो. खरंच झाला होता.

मग कुणीतरी दिरांना सांगितलं की आता मऊ पट्टे मिळतात. क्रांती चौकाच्या अलीकडं एका गल्लीत कुबड्या, कमरपट्टे विकणारं एक दुकान होतं. कौसाला रिक्षानं नेलं, दुकानातल्या चाचांनी पायाचं माप घेतलं, म्हणाले आठ दिवसांनी या. आठ दिवसांनी तिला परत कशाला दगदग, म्हणून मी एकटी गेले. निघताना ती म्हणाली, "अक्का, चामड्याचं नाय ना, तेवढं विचारून या. आत्याबाईंची माळ हाय."

मी विचारलं. विचारलं नाही असं नाही.

चाचांनी पट्टा काढून समोर ठेवला. घोट्याभोवती एक रुंद पट्टी, पावलाभोवती एक अरुंद, आणि दोन्हींच्या मध्ये ताण धरणारा रबरासारखा लवचिक बंद. तो पावलाचा पुढचा भाग वर ओढून धरतो. हातात घेतला तर फुलासारखा हलका. रंग मात्र तपकिरी, अगदी चपलेच्या अंगठ्यासारखा. मी म्हटलं, चाचा, चामडं आहे का यात? ते म्हणाले, "नै अम्मा, चमडा बिलकुल नै. कपडा है, रबड है. साबन से धोव, सुकाव, पेनो. और उनको बोलो, घर मेंच जादा पेनना. लोगां घर मेंच गिरते."

डब्यात एक घडी केलेला कागद होता. वर इंग्रजी, मग हिंदी, सगळ्यात खाली बारीक अक्षरात मराठी. परतीच्या रिक्षात मी तो वाचला, सवयच ती. आणि खरं सांगते — त्या रिक्षात माझ्या मनात काही नव्हतं. मला वाटत होतं, बरं झालं, कौसा चालेल. हे मी माझ्या बाजूनं सांगत नाहीये. उलट सांगतेय. मनात आधीपासून काही नसताना माणूस जे करतं, त्याला काय म्हणायचं?

घरी आले. कौसानं पडवीत बसून पट्टा बांधला. उभी राहिली. एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं. आवाज आला नाही. इतके दिवस तो फट् असा आवाज घरात घड्याळासारखा होता, आणि एकाएकी नाही. टाच टेकली, मग बोटं टेकली. पडवीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ती गेली आणि वळली, आणि तिचं तोंड — लग्न होऊन आली तेव्हाचं तोंड होतं ते. शेजारची एक जण कंपाउंडवरून बघत होती, तिनं टाळी वाजवली.

आत्याबाई खाटेवर बसून बघत होत्या. त्या म्हणाल्या, "चला, सुटले बाई मी. वर्षभर थोरलीच्या हातचं खाऊन जीभ मेली व्हती माझी."

सगळे हसले. दीर हसले, शेजारीण हसली. चेष्टाच होती ती, म्हातारीला सवय होती. मीही हसले. फक्त कौसा हसली नाही. ती म्हणाली, असं नाय बोलू आत्याबाई, अक्कांनी किती केलं. आणि माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं — दया होती हो त्यात. ती दया मला त्या चेष्टेपेक्षा जास्त लागली.

मग ती चालत सैंपाकघराच्या दारापर्यंत आली. आत पाऊल टाकायच्या आधी थांबली. उंबऱ्याच्या अलीकडं. "अक्का, काय म्हनले हो ते? चामडं नाय ना?"

आत्याबाई म्हणाल्या, कागद आलाय ना, वाच गं.

मी कागद उलगडला. मराठीची ओळ शोधली. तिथं लिहिलेलं होतं — आजही डोळे मिटून दिसतं — 'या पट्ट्यात चामडे वापरलेले नाही.' मी बोट ठेवून वाचत गेले, माझी पद्धतच ती, शिकताना लागलेली. या. पट्ट्यात. चामडे. वापरलेले. आणि शेवटच्या शब्दावर बोट आलं आणि मी तो वाचला नाही. मी तो गिळला. त्या जागी म्हणाले — आहे.

एवढंच. एक शब्द. घोटभर पाणी प्यायला लागेल तेवढा वेळ.

कुणी म्हणेल, बोलून गेली बाई रागाच्या भरात. तर तसंही नाही. कारण कौसानं लगेच पाय मागं घेतला, आणि दिरांनी विचारलं, बिनचामड्याचा मिळत नाही का, मी उद्या जाऊन बघतो. तेव्हा राग कुठं होता? तोवर तर मी थंड होते. मी म्हणाले, विचारलं मी, सगळे असेच येतात. कागदाची घडी केली आणि पोलक्यात ठेवली. कुणी म्हटलं नाही, दाखव. का म्हणतील? थोरलीला वाचता येतं.

मला वाटलं होतं कौसा वाद घालेल. म्हणेल, एवढंसं तर आहे, चालवून घ्या. ती म्हणाली, बरं झालं विचारलंत, नायतर देवापाशी गेले असते मी. आणि पडवीच्या खिळ्याला तिनं तो पट्टा अडकवला. चपलांच्या वर.

तेव्हापासून तो तिथंच राहिला. बाहेर जाताना घालायचा, आत येताना काढायचा. पण बायका बाहेर जातात किती? भाजीवाल्यापाशी, दळणाला, कुणाच्या हळदीकुंकवाला. बाकी सगळा दिवस आत. आणि काढ-घाल करायला वाकावं लागतं. ऑपरेशन झालेल्या कंबरेनं किती वाकणार? महिना-दोन महिन्यांत तिनं बाहेरही घालायचं कमी केलं. घरात परत तो आवाज सुरू झाला. फट्. फट्. भिंतीला धरून चालायची ती. पडवीपासून सैंपाकघराच्या दारापर्यंत भिंतीच्या रंगावर तिच्या तळहाताची एक काळपट रेघ उमटली. मी दिवाळीत ती पुसायची, पुन्हा उमटायची.

तिची मुलगी मंगल जालन्याला दिलेली. ती आली की चिडायची. आई, घाल ना घरात, काय देव उठून जाणारे का? कौसा म्हणायची, आत्याबाई हायेत तोवर नाय. मी तिथंच असायची, मेथी निवडत. मंगल मला म्हणायची, मोठ्याआई, तुम्ही तरी सांगा हिला. आणि मी काय म्हणायचे ठाऊक आहे? मी म्हणायचे, तिच्या मनाला पटत नाही तर जबरदस्ती कशाला.

मंगलला वाचता येत होतं. बारावी शिकलेली पोरगी. तिनं एकदा विचारलं असतं कागद कुठंय, तर सगळं उघडं पडलं असतं. ती आली की दोन-दोन दिवस मी तिच्या आसपासच घुटमळायची. तिनं विचारलं नाही. आपल्या माणसानं वाचून सांगितलेलं कोण तपासतं?

आत्याबाई गेल्या त्याच वर्षी, पौषात. आणि आता ऐका — इथं मला परत संधी होती. बाकीचं सोडा, हे ऐका. आत्याबाई गेल्या म्हणजे घरातली थोरली मी. देव माझे, ओटा माझा, काय चालतं आणि काय नाही ते मी ठरवणार. तेरावा झाला. पाहुणे गेले. दुपारी मी भांडी लावत होते, कौसा दारात येऊन उभी राहिली, हात भिंतीला. हळूच म्हणाली, "अक्का, आता घालू का हो आत? तुम्ही म्हनाल तर."

मला खोटं उघडं करायचीही गरज नव्हती. नुसतं 'घाल' म्हणायचं होतं. चामडं असू दे, घाल, मी सांगते. मोठेपणासुद्धा माझाच झाला असता. आयुष्यात इतकी स्वस्त सुटका कुणाला मिळते?

मी म्हणाले, "वर्षश्राद्ध होऊ दे. वर्षाच्या आत घरातली रीत मोडू नये."

ती म्हणाली, व्हय, ते बी खरंच.

का म्हणाले मी असं? चूल जाईल म्हणून? आता तर कुणी चेष्टा करणारंही राहिलं नव्हतं. मी किती वेळा स्वतःला विचारलंय. मला वाटतं, एकदा तिला नाही म्हणायची सवय लागली होती, आणि ती सवय मला आवडायला लागली होती. याहून बरं उत्तर माझ्याकडं नाही.

वर्ष व्हायला सात आठवडे राहिले होते. सकाळची दहाची वेळ. मी पोह्यांना फोडणी दिली होती आणि तिला म्हणाले, कौसा, तेवढी कोथिंबीर दे गं. मी मागितली, तिच्या मनानं ती आली नव्हती. ती वाटी घेऊन आली. उंबऱ्यापाशी तिनं गुडघा उचलला, नेहमीसारखा, पण पावलाची बोटं पुरती उठली नाहीत. उंबऱ्याला अडकली. एवढीशी उंची, चार बोटं. ती आत पडली, ओट्याच्या कडेपाशी, उजव्या अंगावर. कोथिंबीर सगळीकडं. आणि ती पडल्या पडल्या पहिलं काय म्हणाली — अक्का, वाटी फुटली का?

खुबा मोडला होता. ऑपरेशन झालं, सळई घातली. पण कंबर आधीच कमजोर, पाऊल लुळं, उभं करायला गेलं की ती थरथरायची. ती पुन्हा चालली नाही. अडीच वर्षं पलंगावर होती.

मी तिचं सगळं केलं. लोक माझं कौतुक करायचे, गल्लीत नाव निघायचं, जावेचं इतकं करणारी जाऊ म्हणून. मी ते कौतुक ऐकून घ्यायची. पदरानं डोळे पुसायची. काय ते डोळे! मी तिला भरवायची आणि ती म्हणायची, "येसर भारी जमला बघा अक्का तुम्हाला आता. मला बी असा जमत नव्हता."

आणखी एक आहे. सांगू की नको असं झालंय, पण अर्धं सांगून काय उपयोग.

पलंगावर तिचा वेळ जाईना. एक दिवस म्हणाली, अक्का, मला वाचायला शिकवा की. मी शिकवायला लागले. नातीची पाटी आणली. आणि ती अशी भराभर शिकली, माझ्यापेक्षाही लवकर. दोन-अडीच महिन्यांत ती बिस्किटाच्या पुड्यावरचं वाचायला लागली, गोळ्यांच्या पाकिटावरचं. बोट ठेवून, माझ्यासारखंच. एके दुपारी तिनं पाटी बाजूला ठेवली आणि सहज म्हणाली, "त्यो पट्ट्याचा कागद कुठं असंल हो? मी वाचून बघते. माझ्याच पायाचा हाय तो."

माझ्या हातात तिच्या तेलाची वाटी होती. मी म्हणाले, उंदरांनी कुरतडला. कधीच टाकला.

तिनं माझ्याकडं बघितलं. मग म्हणाली, बरं. 

दुसऱ्या दिवसापासून मी पाटी काढली नाही. काम आहे म्हणाले. तिसऱ्या दिवशीही काम होतं. तिनं परत पाटी मागितली नाही. नंतर कधी गोळ्यांचं पाकीट हातात आलं तर ती ते उलटं करून उशाशी ठेवायची.

तिला कळलं होतं का? मला ठाऊक नाही. कळलं असलं तर कळून अडीच वर्षांतले उरलेले दिवस ती माझ्या हातून जेवली. आणि कळलं नसलं तर — कुठलं बरं, कुठलं वाईट, मला सांगता येत नाही. ती गेली तेव्हा मी तिच्या उशाशी होते. मी वाकून तिच्या कानापाशी तोंड नेलं होतं, सांगायचं म्हणून. ती शुद्धीत होती. मी विचारलं, पाणी देऊ का?

तिला न्यायची तयारी चालली होती तेव्हा मंगलनं खिळ्यावरून पट्टा काढला, आईच्या पायात बांधायला. तिथल्या एका म्हातारीनं अडवलं, म्हणाली, चामड्याचा हाय ना गं त्यो, नको. मंगलनं माझ्याकडं बघितलं. घरातली थोरली मी. मी मान हलवली. नको.

एवढे दिवस गप्प बसून आता का बोलतेय? मागच्या महिन्यात दौलताबादला नात्यातल्या एका घरी पूजेचं जेवण होतं. पंगतीत एक बाई वाढत होती, पन्नाशीची. अनवाणी. साडी जरा वर खोचलेली, आणि उजव्या घोट्यावर तोच पट्टा, तोच तपकिरी रंग. वरणाची बादली घेऊन ती सैंपाकघरातून बाहेर, बाहेरून आत, उंबरा ओलांडून. टाच, मग बोटं. आवाज नाही. कुणी तिच्या पायाकडं बघतही नव्हतं. ती माझ्यापाशी आली आणि म्हणाली, वाढू का मावशी? तिनं वाढलं. मी ते तसंच ताटात ठेवून उठले.

कागद उंदरांनी खाल्ला नव्हता. माझ्या पेटीत आहे, लग्नाच्या शालूखाली. घड्यांवर फाटलाय, पण अक्षरं शाबूत आहेत. आज दुपारी घरात कुणी नव्हतं, मुलगा-सून कामावर, नात कॉलेजला. मी तो काढला आणि सैंपाकघराच्या उंबऱ्यापाशी बसले, जिथं ती पाट टाकून बसायची तिथं. भिंतीवरची रेघ मागच्या रंगकामात गेली, आता नुसतीच भिंत आहे. मी बोट ठेवलं आणि मोठ्यानं वाचलं. सगळं वाचलं, जसं आहे तसं.

या पट्ट्यात चामडे वापरलेले नाही. पट्टा अनवाणी पायावरही बांधता येतो. घरात चालताना पट्टा काढू नये.